अमेरिकेला गेलेल्या ज्यू सेंटर हाफची कारकीर्द कशी शोधायची, आणि मग आपल्या आज्जाची

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी लिहिलंय ते कळेल. बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका, मराठी कन्नड इंग्लिश तिन्हीत कामं चालतात. दोन वर्षांमागं एका मंडळाच्या फुटबॉल स्पर्धेची स्मरणिका लावत होतो, जाहिराती भरपूर आल्या पण मॅटर कमी पडलं, दीड पान रिकामं राहिलं. अध्यक्ष म्हणाले, "टाक की गा फुटबॉलचं काहीतरी, फक्त मेस्सी नको, सगळेच टाकतात." मग मी रात्री मोबाईलवर बसून बेला गुटमान नावाच्या एका ज्यू खेळाडूवर लिहून काढलं, हंगेरीचा माणूस, व्हिएन्नात खेळला, तिथून अमेरिकेला गेला, गोष्ट भारी वाटली. त्यात एक वाक्य होतं की १९२९ साली व्हिएन्नाच्या हकोआ क्लबनं अमेरिकेचा कप जिंकला. छापून झालं, वाटून झालं, चार दिवसांनी एक रिटायर्ड मास्तर दुकानात आले, चष्मा कपाळावर, हातात स्मरणिका, त्या ओळीखाली लाल पेनाची रेघ. "व्हिएन्नाची टीम अमेरिकेचा कप कशी मारली गा? उद्या म्हणशील कोल्हापूरची खंडोबा तालीम कलकत्त्याची लीग मारली."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून नीट शोधायला बसलो, दुकान सांभाळून सहा महिने गेले, त्यातून जे कळलं ते सांगतोय. तुमच्या घरात नाहीतर गल्लीत कोणी जुना फुटबॉलवाला असेल, मुंबईला किंवा गोव्याला खेळायला गेलेला, तर त्याची कारकीर्द काढायला हीच पद्धत चालते. पण आधी एका परक्या माणसावर हात बसवून घ्या असं मी म्हणेन. घरच्या माणसावर लिहिताना खोटं काढून टाकवत नाही, परक्यावर सपासप कात्री चालते.

आधी वही, गोष्ट नंतर

दोनशे पानी वही घ्या, आडवी धरा आणि पाच रकाने पाडा. हंगाम, गाव, टीम, लीग, आणि पाचवा रकाना "कशावरून". हा पाचवा रकाना सोडलात तर बाकीचे चार भरून काही उपयोग नाही, माझी फजिती तिथंच झाली. मी गोष्ट वाचली आणि गोष्टच लिहिली, कुठल्या साली माणूस कुठल्या जर्सीत होता ते बघितलंच नाही.

माझ्या वहीतलं गुटमानचं पान साधारण असं दिसतं:

१८९९, बुडापेस्ट, २७ जानेवारीला जन्म.
१९१९ ते २१, बुडापेस्ट, एमटीके, दोन वेळा हंगेरीची लीग.
१९२२ ते २६, व्हिएन्ना, हकोआ, १९२४-२५ ची ऑस्ट्रियाची लीग.
१९२४, पॅरिस, हंगेरीकडून ऑलिंपिक, पोलंडला ५-० हरवलं, इजिप्तकडून ०-३ हरले.
१९२६ पासून, न्यूयॉर्क, जायंट्स.
१९२८-२९, न्यूयॉर्क, न्यूयॉर्क हकोआ, १९२९ चा नॅशनल चॅलेंज कप (हाच तो अमेरिकेचा कप).
त्यानंतर न्यूयॉर्कमधेच, शेवटी हकोआ ऑल-स्टार्स.
१९३२, परत व्हिएन्ना.

एवढ्या आठ ओळी झाल्या आणि मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर पानावरच दिसलं. १९२९ चा कप न्यूयॉर्क हकोआनं मारला, व्हिएन्नाच्या हकोआनं नाही, टीम वेगळी, माणसं बरीचशी तीच. सेंट लुईसच्या मॅडिसन केनेल टीमला दोन मॅचमधे हरवलं, पहिली २-०, दुसरी न्यूयॉर्कच्या डेक्स्टर पार्कवर ३-०. नावात हकोआ दिसलं आणि मी डोळे झाकून व्हिएन्ना लावून टाकलं.

हंगाम लिहिताना एक लक्षात ठेवा, त्यांच्याकडं हंगाम दोन वर्षांत पसरतो, पावसाळा संपल्यावर आपल्याकडं मैदानं चालू होऊन उन्हाळ्यात संपतात तसंच. त्यामुळं नुसतं "१९२८" लिहिलं तर कुठला अर्धा भाग ते कळत नाही, आणि गुटमानच्या बाबतीत त्याच अर्ध्या भागात सगळा गोंधळ झालाय, पुढं सांगतो.

नावाची भानगड

डीटीपीवाल्याला हे शिकवायला नको. एका घरातली लग्नपत्रिका तीन भाषांत लावायची म्हटलं की आडनाव तीन तऱ्हेनं येतं, मतदार यादीत कन्नडमधून उलटून आलेलं नाव चौथ्या तऱ्हेचं, आणि घरचे म्हणतात आम्ही तर पाचवंच लावतो. गुटमानचं तेच. आडनावात टी एक का दोन, शेवटी एन एक का दोन, चारी प्रकारे लिहिलेलं सापडतं. शिवाय हंगेरीत आडनाव आधी लिहितात, म्हणजे तिथल्या पेपरात तो "गुटमान बेला", आपल्या ग्रामपंचायतीच्या यादीसारखा. बेलाच्या ई वर हंगेरियन चिन्ह असतं, अमेरिकन टायपावर ते नाही, तिथं साधं बेला.

त्याच टीममधला दुसरा एक, एर्नो श्वार्झ, त्याचं तर अमेरिकेत गेल्यावर शेवटी टी घुसून "श्वार्ट्झ" पण झालं. म्हणून शोधायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर एका नावाची जेवढी रूपं सुचतील तेवढी लिहून काढा आणि एकेक करून सगळी शोधा. मी सुरवातीला एकाच स्पेलिंगनं शोधून "काही मिळत नाही" म्हणून बसलो होतो.

व्हिएन्नाचे त्या काळातले पेपर बरेचसे जुन्या वळणदार जर्मन टायपात छापलेले आहेत. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ते स्कॅन करून फुकट ठेवलेत, पण कॉम्प्युटर त्या टायपातला लांब एस आणि एफ यांच्यात गफलत करतो. नाव शोधून मिळत नसेल तर तारीख पकडून ते पानच उघडा आणि डोळ्यानं बघा, खेळाचं पान कुठं असतं ते दोन दिवसांत कळतं. जर्मन येत नाही म्हणून घाबरू नका. स्कोअर, नावं आणि गावं वाचायला भाषा लागत नाही.

एकाच पाटीची तीन दुकानं

हा भाग थोडा लांबणार आहे कारण इथंच सगळे पडतात, मीही पडलो.

हकोआ म्हणजे हिब्रूत ताकद. व्हिएन्नात १९०९ ला ज्यू लोकांनी क्लब काढला, बाकीच्या बऱ्याच क्लबांत त्यांना घेत नव्हते म्हणून. जर्सीवर सहा टोकांची चांदणी लावून उघड खेळायचे. (ज्यू म्हटलं की आपल्याला लांबची माणसं वाटतात, पण कोकणात अलिबाग-रेवदंड्याकडं शनवार तेली म्हणून मराठी बोलणारे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या राहिलेत, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव.) १९२६ ला ही टीम अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली आणि १ मे ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ४६,००० लोक जमले. अमेरिकेत फुटबॉलला एवढी गर्दी त्यानंतर पन्नास वर्षं झाली नाही, १९७७ मधे पेलेच्या कॉसमॉसनं ते मोडलं. गर्दीचा आकडा इतका मोठा की लोक लिहिताना हकोआला जिंकवून पण टाकतात. हरले होते, ३-०. गर्दी आणि निकाल वेगवेगळ्या ओळीत लिहा.

दौरा बघून तिथल्या क्लबमालकांनी या खेळाडूंना एकेक करून उचललं. नेट आगर म्हणून इंग्लंडहून आलेला एक ज्यूच होता, ब्रुकलिन वाँडरर्सचा मालक, त्यानं काही घेतले, काही जायंट्सनी घेतले, गुटमान त्यातला. इथून पुढं पाट्यांचा खेळ चालू होतो.

न्यूयॉर्क जायंट्स शोधलं की आधी बेसबॉलच येणार, कारण त्याच नावाची बेसबॉलची टीम जास्त प्रसिद्ध आणि पोलो ग्राउंड्स त्यांचंच मैदान. त्यात फुटबॉलचे जायंट्स पण दोन. गुटमान खेळला ते पहिले जायंट्स १९३० ला नाव सोडून न्यूयॉर्क सॉकर क्लब झाले, आणि ते मोकळं झालेलं नाव उचललं न्यूयॉर्क नॅशनल्स नावाच्या टीमनं, जिचा मालक बेसबॉल जायंट्सचाच मालक होता. म्हणजे १९२७ चे जायंट्स आणि १९३१ चे जायंट्स ही नुसती पाटी एक. आपल्या बाजारात दोन भाऊ वेगळे झाले की पाटी एकाकडं जाते आणि कारागीर दुसऱ्याकडं, खव्याची चव कुठल्या दुकानात गेली ते गिऱ्हाइकाला विचारावं लागतं, तसलाच प्रकार.

हकोआ तर चार. व्हिएन्नाचा एक, न्यूयॉर्क हकोआ दुसरा, ब्रुकलिन हकोआ तिसरा, आणि शेवटचे दोन एक होऊन १९३० ला झालेला हकोआ ऑल-स्टार्स चौथा. पाचवी पण निघेल पुढं, १९५० च्या दशकात न्यूयॉर्क हकोआ नावानं परत एक टीम दिसते, त्या वेळी गुटमान कुठल्या कुठं होता.

आता त्या अर्ध्या हंगामाचं. १९२८ मधे अमेरिकन सॉकर लीग आणि तिथला फुटबॉल संघ यांचं जोरदार भांडण लागलं, तिकडं त्याला सॉकर वॉरच म्हणतात. लीगचं म्हणणं, मधेच कपच्या मॅचेस घुसडता, आमचा हंगाम बिघडतो, म्हणून आमच्या टीमनी कप खेळायचा नाही. बेथलेहेम स्टील, नेवार्क आणि जायंट्स अशा तिघांनी ऐकलं नाही, कपला नाव दिलं. लीगनं त्यांना काढलं, फुटबॉल संघानं लीगलाच बेकायदा ठरवलं, काढलेल्यांना घेऊन ईस्टर्न सॉकर लीग उभी राहिली आणि न्यूयॉर्क हकोआ त्या गडबडीत जन्माला आली, जायंट्स आणि वाँडरर्समधले जुने हकोआवाले गोळा करून. आता तुम्ही फक्त अमेरिकन सॉकर लीगचे आकडे बघितलेत तर गुटमान १९२८ च्या शरदात गायब होतो. तो गायब झालेला नाही, त्याची लीग बदलली. दोन असोसिएशनच्या भांडणात खेळाडूचं वर्ष कागदावरून पुसलं जातं हे आपल्याकडं कोणाला नवीन नाही, मैदान तेच, माणसं तीच, फक्त कुठल्या रजिस्टरला नोंद करायची यावर मारामारी.

त्यामुळं नियम असा: खेळाडू मधेच दिसेनासा झाला तर आधी तो जखमी झाला, सोडून गेला असलं काही लिहू नका. आधी लीगला काय झालं ते बघा.

पेपरातली अकरा नावं कशी वाचायची

जुन्या पेपरात मॅचखाली टीम छापलेली असते पण नुसती आडनावं, पुढं अक्षर नाही, आणि एका टीममधे दोन फिशर निघाले तर? इथं एक युक्ती आहे. त्या काळी सगळे २-३-५ नं खेळायचे आणि नावं ठरलेल्या क्रमानं छापायचे. पहिला गोलकीपर, मग राइट बॅक, लेफ्ट बॅक, मग राइट हाफ, सेंटर हाफ, लेफ्ट हाफ, मग पुढची फळी राइट आऊट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आऊट. म्हणजे पाचवं नाव नेहमी सेंटर हाफचं. गुटमान सेंटर हाफ. मी बोट ठेवून पाचवं नाव मोजत गेलो, पाचव्या जागी गुटमान असला की आपला माणूस, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घ्यायची. आपल्या जुन्या लोकांना हे सांगायला लागत नाही, कॅम्पातला कुठलाही सत्तरीचा माणूस अजून राइट आऊट, लेफ्ट इन असंच बोलतो.

आणि सेंटर हाफला गोलावर मोजू नका. त्या वेळचा सेंटर हाफ म्हणजे आत्ताचा स्टॉपर, नुसता मागं राहून अडवणारा, नव्हे, मधे उभा राहून मागून आलेला बॉल कुणाला द्यायचा ते ठरवणारा. गुटमानचे आईबाप नाच शिकवायचे, त्यानं स्वतः पण नाच शिकवायचं सर्टिफिकेट घेतलेलं, आणि त्याचा खेळ पायाच्या नजाकतीचा होता असं वर्णन मिळतं. गोल मोजकेच. "अमेरिकेत फार चमकला नाही" असं गोल बघून लिहिणारे आहेत, त्यांना फुटबॉल कळत नाही एवढंच म्हणतो.

तारखेचा एक काटा राहिला. व्हिएन्नाच्या पेपरात आपल्यासारखा दिवस आधी, अमेरिकेत महिना आधी. १ मे १९२६ तिकडं पाच-एक असं पडतं आणि आपण ५ जानेवारी वाचून मोकळे होतो, न्यूयॉर्कच्या बर्फात ४६,००० लोक बसवतो. वहीत महिना अक्षरात लिहा, भानगड मिटली.

अमेरिकेचे पेपर शोधायचे तर ब्रुकलिन डेली ईगल ब्रुकलिनच्या पब्लिक लायब्ररीनं फुकट उघडा ठेवलाय, आणि ज्यू टेलिग्राफिक एजन्सीच्या जुन्या बातम्या पण मिळतात, त्यात हकोआच्या दौऱ्याच्या बारीकसारीक बातम्या आहेत. जहाजांच्या याद्यांत वय, गाव, धंदा लिहिलेला असतो. धंद्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते जरूर बघा, खेळाडू म्हणून आला का दुसरं काही सांगून, त्यातून बरंच कळतं. आकडेवारीसाठी कॉलिन जोझ नावाच्या कॅनडातल्या संशोधकानं त्या लीगचे हंगामवार आकडे जमवलेत, आपली वही त्याच्याशी ताडून बघा, पण ताडून बघा म्हटलं, उतरून काढा म्हटलं नाही.

का हलला?

रकाने भरले की प्रत्येक दोन ओळींच्या मधे पेन्सिलनं बारीक लिहा, "का?" कारकीर्द तिथं असते.

बुडापेस्ट सोडून व्हिएन्ना का? हंगेरीत पहिल्या महायुद्धानंतर ज्यूंवर हल्ले झाले, १९२० ला विद्यापीठात त्यांच्या जागांवर मर्यादा घालणारा कायदा आला, गुटमाननं लीग जिंकलेली असूनसुद्धा तिथं राहण्यात राम नव्हता. व्हिएन्ना सोडून न्यूयॉर्क का? तिथं पैसा होता आणि रस्त्यात कुणी जात विचारत नव्हतं असं त्या खेळाडूंना वाटलं. पण अमेरिकेनं १९२४ ला कायदा करून पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांचा कोटा एकदम खाली आणला होता, साधा ज्यू शिंपी किंवा सुतार रांगेत वर्षं काढायचा, आणि हे चेंडूच्या जोरावर आत शिरले. हा मुद्दा लिहिताना सोडू नका. हकोआवाल्यांना फुटबॉल म्हणजे दरवाजाची किल्ली होती.

न्यूयॉर्कमधे गुटमाननं पगारावर भागवलं नाही, चोरून दारू विकणाऱ्या अड्ड्यात पैसे घातले, अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. (आपल्याकडंही बेळगाव मुंबई राज्यात असताना दारूबंदी होतीच, चोर्ल्याच्या घाटातून गोव्याहून काय काय यायचं ते म्हाताऱ्यांना विचारा, पण लिहून घेऊ नका.) मग १९२९ च्या ऑक्टोबरात वॉल स्ट्रीट कोसळलं आणि त्याची कमाई गेली. ज्या वर्षी कप त्याच वर्षी कंगाल, दोन्ही एकाच ओळीत येतं. लीगची पण त्यानंतर वाट लागली, मालकांकडं पैसे नाहीत, गिरण्या-कारखान्यांच्या टीम बंद, १९३३ पर्यंत सगळं विस्कटलं. तो १९३२ ला परत व्हिएन्नाला गेला.

इथं मी थांबून विचार करत बसलो होतो. गेलेला माणूस परत येतो हे आपल्या डोक्यात बसत नाही, अमेरिकेला गेला म्हणजे गेला. आणि हा परत कुठं आला तर व्हिएन्नाला, सहा वर्षांनी १९३८ ला नाझी आले तिथं. हकोआ क्लब बंद केला, मैदान काढून घेतलं. गुटमानचे जवळचे लोक मारले गेले, तो स्वतः लपून राहिला, सक्तमजुरीच्या छावणीत गेला आणि १९४४ च्या शेवटी तिथून पळून वाचला. हे तुमच्या खेळाडूच्या पानावर दोन ओळीत येईल पण उजव्या बाजूला लांबडं भाषण लिहू नका, ओळी पुरे आहेत.

त्याच्या शेजारी श्वार्झचं पान ठेवा. हाही बुडापेस्टचा, १९०४ चा जन्म, हाही हकोआ, हाही १९२६ चा. पण हा राहिला. पुढं न्यूयॉर्क अमेरिकन्सचा खेळाडू, कोच, कारभारी सगळं झाला, १९३७ ला त्यांनी तोच नॅशनल चॅलेंज कप मारला, आणि १९५३ ते ५५ अमेरिकेच्या राष्ट्रीय टीमचा कोच. एकाच जहाजाच्या दौऱ्यातले दोघं, एकाची अमेरिका सहा वर्षांची, दुसऱ्याची जन्माची. एकट्या माणसाचं पान वाचून असं का झालं ते कळत नाही, जोडीला दुसरं ठेवलं की कळायला लागतं. म्हणून नेहमी एक जोडीदार निवडा.

ऐकीव गोष्टी पेन्सिलनं

हकोआचा गोलकीपर हात मोडला म्हणून झोळीत हात अडकवून पुढं खेळायला गेला आणि त्यानंच विजयाचा गोल मारला, त्यावर १९२५ ची लीग मिळाली, ही गोष्ट सगळीकडं आहे. १९२४ च्या ऑलिंपिकला गुटमाननं हॉटेलातल्या सोयीवर चिडून मेलेले उंदीर अधिकाऱ्यांच्या दारांना टांगले, ही पण. १९२३ ला हकोआनं लंडनला जाऊन वेस्ट हॅमला ५-० हरवलं हे पक्कं, पण वेस्ट हॅमनं त्या दिवशी पहिल्या फळीतले बरेच जण उतरवले नव्हते हे सांगणारे कमी. असल्या गोष्टी टाकून द्यायच्या नाहीत, वाचणाऱ्याला त्याच आवडतात, फक्त पेन्सिलनं लिहायच्या आणि त्या दिवसाच्या पेपरात मिळाल्या तरच पेन फिरवायचं.

सगळ्यात मोठी ऐकीव गोष्ट म्हणजे शाप. गुटमान पुढं कोच म्हणून जगभर फिरला, पोर्तुगालच्या बेनफिकाला १९६१ आणि १९६२ असा दोनदा युरोपियन कप मिळवून दिला, मग पैशावरून बिनसलं आणि जाताना म्हणाला म्हणे की शंभर वर्षं तुम्हाला युरोपात कप मिळणार नाही. बेनफिका त्यानंतर युरोपातल्या आठ फायनल हरली, म्हणून शाप घट्ट बसला. मजा अशी की शाप सगळ्यांना पाठ आणि न्यूयॉर्कची सहा वर्षं कुणाच्या गावी नाहीत. आपल्याकडं पण ज्येष्ठ खेळाडूबद्दल विचारलं की शेवटी शेवटी तो रेफ्री म्हणून कसा तापट होता तेवढंच सांगतात.

आता आज्जा

माझ्या आज्जाचा थोरला भाऊ, आम्ही थोरला आज्जाच म्हणायचो, इथं खेळला आणि मग मुंबईला एका गिरणीच्या टीमकडून खेळायला गेला. कागदावर हेल्पर, संध्याकाळी फुटबॉल. घरात ठाम बोललं जायचं की तो रोव्हर्स कप, म्हणजे मुंबईतली मोठी स्पर्धा, खेळला.

मी वही काढली. पहिला पुरावा भिंतीवरचा ग्रुप फोटो, काचेला बुरशी. जुन्या टीम फोटोत कॅप्टनच्या पायाशी बॉल असतो आणि त्यावर पांढऱ्या रंगानं साल लिहिलेलं असतं, ते बघायला विसरू नका. आमच्या फोटोत बॉल अर्धा सावलीत, मोबाईलवर मोठं करून "१९५" पर्यंत दिसलं, शेवटचा आकडा नाही. फ्रेम खोलली, मागं स्टुडिओचा शिक्का आणि शाईत नावं, बसलेले डावीकडून. खोलताना फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा, मी एक कोपरा फाडलाय.

मग राज्याची भानगड. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, त्यामुळं त्याआधीचा इथला खेळाडू राज्याला खेळला असेल तर मुंबईच्या यादीत शोधायचा, नंतरचा म्हैसूरच्या. गुटमान जन्मला ते राज्य पण १९१८ ला फुटलं होतं. माणूस जागचा हलत नाही आणि राज्य हलतं, हे बेळगावकराला काय सांगायचं. गावाचं नाव पण इंग्लिशमधे जुनं नवं दोन्ही शोधा, २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालंय. जुने तरुण भारत आणि कोल्हापूरचे पेपर चाळायचे असतील तर सार्वजनिक वाचनालयात आधी चौकशी करून जा, आणि सोबत वर्ष नाही तर निदान महिना घेऊन जा, "जुने पेपर दाखवा" म्हटलं तर कोणीही वैतागेल.

म्हाताऱ्यांना विचारताना "किती गोल मारलात" विचारू नका, उत्तर दरवर्षी वाढतं. बूट कुणाचे होते, मॅचला कशानं गेलात, जेवण कुणी दिलं, असं विचारा. थोरल्या आज्जाचा एक जोडीदार अजून आहे, त्याला मी रोव्हर्सचं विचारलं तर छाती पुढं काढून "होय की" म्हणाला, पण मग बूट विचारल्यावर म्हणाला, "बूट गिरणीचे, परत द्यावे लागायचे, आणि कूपरेजच्या मैदानावर खेळलो की बाजूला बँडवाले सराव करूलाले होते." रोव्हर्सच्या मॅचला बँडवाला बाजूला सराव करत बसणार नाही. मग मुंबईच्या हारवूड लीगचे निकाल शोधले, आणि १९५५ च्या एका मॅचमधे सातव्या जागी, म्हणजे राइट आऊटच्या जागी, आमचं आडनाव आहे. रोव्हर्स पेन्सिलीत राहिला. घरात आत्या दोन आठवडे बोलली नाही.

१९५७ ची ओळ कोरी आहे. गिरणीतनं काढलं का स्वतः आला, कुणालाच नक्की माहीत नाही, कोणी गुडघा म्हणतं कोणी संप म्हणतं. कोरीच ठेवलीय, तुम्ही पण ठेवा.

लिहायला बसाल तेव्हा स्मरणिकेचं एक पान म्हणजे साडेतीनशे शब्द धरा, फोटो असेल तर अडीचशे. पहिल्या परिच्छेदात साल, गाव, टीम, जागा. मॅच एकच निवडा आणि ती नीट सांगा, दहा मॅचची नावं टाकू नका. प्रूफ घरच्याला दाखवायच्या आधी बाहेरच्याला दाखवा.

मी या वर्षीच्या स्मरणिकेत न्यूयॉर्क हकोआची दुरुस्ती चौकटीत छापली, आणि छापायच्या आधी प्रूफ घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा खाली घेतला, दोनदा वाचलं, लाल पेन काढलं आणि "न्यूयॉर्क" मधला यू र्‍हस्व पडला होता तो दीर्घ करून दिला.